ईशान्येकडून काढलेले फोटो

चिंतामण गुरुजींनी काढलेला एकही फोटो चांगला नाही. हे मी धंद्याच्या जबाबदारीनं सांगते. अमरावतीत राजापेठेकडे माझा फोटो स्टुडिओ आहे, आधी वडिलांचा होता, आणि लग्नं, साक्षगंध, मुंजी, भूमिपूजनं यांचे फोटो काढण्यात माझी तीस वर्षं गेली. वाईट फोटो मला लांबूनच कळतो. गुरुजींच्या फोटोत एक अर्धवट इमारत असायची, तिच्या पुढ्यात बहुतेक वेळा संडासाचा पाइप असायचा आणि उजव्या कोपऱ्यात गुरुजींचा अंगठा. अंगठा मी पुढे घालवला. पाइप काही गेला नाही, कारण पाइपामागे शास्त्र होतं.

भूमिपूजन प्लॉटच्या ईशान्य कोपऱ्यात होतं. गुरुजींचा नियम असा की ज्या जागी आपण कुदळ मारवली त्याच जागी उभं राहून फोटो काढायचा, इमारत कशीही दिसो. आता ईशान्येला उभं राहून इमारतीकडे पाहिलं की दुपारनंतर सूर्य सरळ भिंगात येतो आणि इमारत काळी ठिक्कर पडते. मी म्हणायची, "गुरुजी, जरा त्या बाजूनं घ्या, उजेड चांगला आहे." ते म्हणायचे, "उजेडाचं तू बघ. दिशा माझी आहे." मग मी सकाळी जाऊ म्हटलं, तर सकाळी त्यांच्या पूजा असायच्या. पुढे त्यांच्या सकाळीही मोकळ्या राहू लागल्या, तेव्हा फोटो थोडे सुधारले.

गुरुजी उंच, किंचित पुढे वाकलेले, धोतरावर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पायात शाळेतल्या पोरांचे असतात तसले काळे बूट. बांधकामावर खिळे असतात, चपलेचं काम नाही, असं त्यांचं म्हणणं. भेटले की नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट विचारायचे, "काम कुठवर आलं?" घर बांधणाऱ्याला तर विचारायचेच, पण पोटुशी बाई दिसली तरी हेच, कोर्टात तारखा घेणारा दिसला तरी हेच. माझ्या भाच्याला एकदा विचारलं. तो तेव्हा तिसऱ्यांदा बारावीला बसला होता. त्यानं "प्लिंथपर्यंत" असं सांगितलं आणि गुरुजींनी गंभीरपणे मान हलवली.

उभ्या आयुष्यात त्यांनी किती भूमिपूजनं केली ते त्यांच्या डायऱ्यांत होतं. दर वर्षाची एक छोटी डायरी, तीत तिथी, वेळ, जागा आणि यजमानाचं नाव, बाकी काही नाही. त्या सगळ्यांतली तीन कामं लागोपाठ अडकली. नांदगाव पेठेला कापडाचे कारखाने आले तेव्हा एकानं हायवेवर तीन मजली हॉटेल काढलं होतं, ते दुसऱ्या स्लॅबवर थांबलं. मग अकोल्याच्या पुढे बाळापूर रोडवरचं एक मंगल कार्यालय थांबलं. मग वरूडचं संत्र्याचं कोल्ड स्टोरेज. आमच्याकडे थांबलेल्या इमारतींचं काही नवल नाही. कोणत्याही रस्त्यानं निघा, थोड्या थोड्या अंतरावर एकेक सळया वर करून उभीच असते. पण एका ठेकेदारानं चहाच्या टपरीवर म्हटलं, "चिंतामण गुरुजीची कुदळ लागली का काम बंद पडलंच समजा." गमतीतच म्हटलं असेल. लोक हसले आणि ऐकलेलं घरोघरी घेऊन गेले.

मला कळलं ते एका ऑर्डरला गेल्यावर. यजमान ओळखीचे, त्यांच्या घरी पिढीजात चिंतामण गुरुजीच यायचे, आणि त्या दिवशी पाटावर दुसरेच गुरुजी. मी यजमानांना बाजूला घेऊन विचारलं, तर ते म्हणाले, "ते नको बाप्पा. मले घर पुरं करायचं हाये."

आठ दिवसांनी गुरुजी स्टुडिओत आले. मोबाइलवर फोटो कसा काढतात ते शिकव म्हणाले.

"कशाला गुरुजी?"

"माझा हात वाईट आहे का, ते बघायचं आहे," ते म्हणाले. शुगर तपासून घ्यावी म्हणतो, असं कोणी सांगावं तसं सांगितलं.

"असलं काही नसतं."

"नसतं हे तुला कसं माहीत? तू मोजलंस का?"

मी मोजलं नव्हतं. त्यांनी बेत सांगितला. डायऱ्यांमधल्या प्रत्येक जागी जायचं. पुरं झालेलं असो की अडकलेलं, ईशान्येला उभं राहून फोटो काढायचा. अडकलेलं असेल तर आत शिरून, आजूबाजूला विचारून कारण काढायचं आणि फोटोखाली लिहायचं. सगळी कारणं जमली की बघायचं, त्यात मुहूर्त कुठे बसतो का. बसला तर पाटावर बसणं बंद करायचं, एवढं त्यांनी ठरवून टाकलं होतं. हे ऐकून मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. सत्तरी गाठलेला माणूस, ज्याला दुसरं काही येत नाही, तो स्वतःच्या हाताचा निकाल लावायला निघाला होता, आणि निकाल विरुद्ध गेला तर तो मान्य करणार होता.

मी त्यांच्यासोबत का फिरले, असं लोक विचारतात. माझं घर त्यांच्याच कुदळीचं आहे. चांगलं उभं आहे, पावसात थोडं गळतं, पण ते गवंड्याचं काम आहे.

जवळ जायचं असलं की माझी स्कूटर. धोतरामुळे गुरुजी मागे दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसायचे. पुढे बाई गाडी चालवते आहे आणि मागे गुरुजी बाईसारखे बसले आहेत, हे बघून बडनेऱ्याच्या रस्त्यावर लोक वळून वळून पाहायचे. गुरुजींना त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यांचं लक्ष दोन्हीकडच्या इमारतींवर. "ही माझी नाही," "हीसुद्धा माझी नाही," असं मागून चालू असायचं. अडकलेली इमारत दुसऱ्या कोणाची निघाली की त्यांना बरं वाटायचं आणि बरं वाटल्याचं वाईट वाटायचं.

बाळापूर रोडला आम्ही एसटीनं गेलो. मंगल कार्यालयाचं काम बरंच झालं होतं, हॉल होता, नवरानवरीचं स्टेजही झालं होतं, फक्त वर छप्पर नव्हतं. स्टेजवर कोणाची तरी तूर वाळत घातली होती. गुरुजी पायऱ्या चढून गेले, तूर चुकवत स्टेजभर फिरले, भिंतींवरून हात फिरवला, मग खाली उतरून होकायंत्र काढलं आणि कोपरा शोधून फोटो काढला. तेवढ्यात तुरीचा मालक धावत आला. धोतर, बूट, होकायंत्र, फोटो आणि सोबत कॅमेरावाली बाई असा सगळा सरंजाम बघून तो जो घाबरला, तो हात जोडूनच उभा राहिला. "साहेब, दोनच दिवसासाठी टाकली हो. उद्या उचलतो."

गुरुजी म्हणाले, "असू द्या. काम कशानं थांबलं?"

त्यानं सांगितलं. दोन भावांनी मिळून कार्यालय काढलं होतं. वर पाटी लावायची वेळ आली तेव्हा मोठा म्हणाला आईचं नाव देऊ. धाकटाही म्हणाला आईचंच देऊ. पण दोघांच्या आया वेगळ्या होत्या. तेव्हापासून दोघंही पाटीवर अडून बसले आणि छप्पर राहिलं. गुरुजींनी हे दोनदा विचारून घेतलं, खिशातून पेन आणि वही काढून लिहिलं, "कारण: पाटी." परत येताना एसटीत ते खिडकीशी बसून मूर्तिजापूर येईपर्यंत गुणगुणत होते. मी त्यांना पहिल्यांदाच गुणगुणताना ऐकलं.

वरूडच्या कोल्ड स्टोरेजचं कारण "वीज" निघालं. जोडणी मिळायला इतका वेळ लागला की मालकानं तिथं ट्रॅक्टर ठेवायला सुरुवात केली आणि मग ट्रॅक्टरचीच एजन्सी काढली. गुरुजींनी आतल्या थंड खोल्यांमधून हिंडून घेतलं. त्या खोल्या थंड कधीच झाल्या नव्हत्या, आत नुसता डिझेलचा वास होता. "म्हणजे हे अडकलेलं म्हणावं की पुरं झालेलं?" त्यांनी मला विचारलं. मी पुरं झालेलं म्हटलं. ते म्हणाले, "नाही. यजमानानं संकल्प कोल्ड स्टोरेजचा सोडला होता." स्वतःच्या बाजूनं एक काम वाढवून घेणं त्यांना जमलं नाही.

असाच पेच कठोरा रोडच्या एका लेआउटमध्ये पडला. डायरीप्रमाणे आम्ही प्लॉटवर गेलो तर तिथं बाभळी. आणि त्याला लागून त्याच यजमानांचा दुमजली बंगला, वर सोलर, पोर्चमध्ये गाडी. यजमान बाहेर आले, जुनी ओळख निघाली, आणि हळूहळू उलगडा झाला. पूजेच्या दिवशी गवत कमरेइतकं होतं, हद्दीचे दगड कोणी उपटून नेले होते, आणि यजमानांनी अंदाजानं शेजारचाच प्लॉट दाखवला होता. कुदळ शेजारी पडली होती, नारळ शेजारी फुटला होता, पेढेही शेजाऱ्याच्याच जमिनीत उभं राहून खाल्ले होते. घर मात्र यजमानांनी मोजणी करून स्वतःच्या जागेवर बांधलं होतं, आणि इतकी वर्षं हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. यजमानांचा चेहरा उतरला. आजच्या आज पुन्हा पूजा करा म्हणून मागे लागले.

गुरुजी म्हणाले, "घर झालं. मुलं इथं मोठी झाली. आता कशाला?"

मग ते रस्त्याकडच्या नाल्याच्या कठड्यावर अर्धा तास बसून राहिले. अडचण अशी की जिथं त्यांचा हात लागला तिथं काही उभं राहिलं नव्हतं, आणि जिथं नव्हता लागला तिथं दुमजली बंगला. विरोधकांना याहून चांगला पुरावा मिळाला नसता. मी म्हटलं, "गुरुजी, हे सोडून द्या, कोणाला कळणार आहे?" त्यांनी बाभळींचा फोटो काढला आणि वहीत लिहिलं, "काम सुरूच झालेलं नाही. कारण: गवत."

नांदगाव पेठचं हॉटेल त्यांनी मागे ठेवलं होतं, कारण पहिली ठेच तिथलीच. एका गुरुवारी सकाळी गेलो. हायवेवरून दिसतंच ते, दोन स्लॅब, तिसऱ्यासाठी काढलेल्या सळया, दर्शनी बाजूला काचेसाठी ठेवलेली मोठी भोकं. आत पाऊल टाकलं तर रिसेप्शनच्या जागी चूल, म्हणजे गॅसच, पण विटांच्या ओट्यावर. लिफ्टच्या खड्ड्यात सरपण. जेवणाच्या हॉलमध्ये चार शेळ्या. भिंतीला साडीचे पडदे आणि एका पडद्याआड मुलीची पुस्तकं नीट रचून ठेवलेली. हा संसार चौकीदाराच्या बायकोचा, इंदूबाईचा. मालकानं नवऱ्याला दोन महिन्यांसाठी म्हणून राखणीला बसवलं होतं, त्याला चौदा वर्षं झाली. नवरा आता कापडाच्या कारखान्यात जायचा आणि राखण ती करायची.

आम्हाला बघितल्याबरोबर तिनं भांडी गोळा करायला घेतली. आम्ही उठवायला आलो असं तिला वाटलं. गुरुजींनी कोण ते सांगितलं तेव्हा तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"म्हंजे कुदळवाले गुरुजी तुमीच का जी?"

"मीच," गुरुजी म्हणाले.

तिनं चहा टाकला. काम का थांबलं ते सांगितलं. मालकाला अर्धांगवायू झाला, पोरगा परदेशात, त्याला हॉटेलात रस नाही. गुरुजींनी लिहून घेतलं, "कारण: मुलगा." ईशान्य कोपऱ्यात तिची तुळस होती, डालड्याच्या डब्यात. गुरुजी तुळशीच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी फोटो काढला. संडासाचा पाइप आलाच.

अशी दोन वर्षं गेली. डायऱ्या संपल्या. मुहूर्त कुठेच बसला नाही. गुरुजींनी मला सगळ्याचा अल्बम करायला सांगितला, लग्नाचा करतात तसा, जाड पुठ्ठ्याचा. माझ्याकडे साचे लग्नाचेच होते, त्यामुळे प्रत्येक पानाच्या कडेला आंब्याची पानं आणि सनई आली. एका पानावर कोल्ड स्टोरेज, खाली "कारण: वीज," आणि दोन्हीकडून सनई. गुरुजींना अल्बम फार आवडला. कुठं भूमिपूजन ठरतंय असं कळलं की यजमानाकडे जाऊन तो दाखवायचा, शांतपणे एकेक कारण वाचून दाखवायचं, असं त्यांनी योजलं होतं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, अल्बमला जुन्या शालूची पिशवी शिवली. मला त्या दिवशी वाटलं, चला, सुटले गुरुजी.

आणि त्याच आठवड्यात इंदूबाई माझ्या स्टुडिओत आली. हॉटेल कोणी नागपूरवाल्यांनी विकत घेतलं होतं. दिवाळीनंतर काम सुरू, तोपर्यंत जागा खाली करा म्हणून निरोप आला होता. मुलगी बारावीला, तिचं कॉलेज तिथून पायी. दुसरीकडे खोली पाहिली तर शेळ्यांसकट कोणी ठेवून घेईना. मी म्हटलं, "मग मी काय करू?"

"गुरुजींले सांगा एक पूजा करून द्या म्हना आमच्या इथं."

"पूजेनं काय होईल?"

"तुमाले ठाव नाई का?" ती म्हणाली. "त्याईचा हात लागला का काम बंद पडते. सारे म्हंतेत."

मी हसले. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू बंद केलं. ती थट्टा करत नव्हती. ती तीन बस बदलून आली होती.

तिला घेऊन मी गुरुजींच्या घरी गेले. हे सगळं मी त्यांना कसं सांगणार, म्हणून तिलाच सांगू दिलं. तिनं जसं मला सांगितलं तसंच्या तसं सांगितलं, हात लागला का काम बंद पडते, हे वाक्यसुद्धा. गुरुजी ऐकत होते. समोर टेबलावर शालूच्या पिशवीत अल्बम होता.

"काम बंद पाडायचा विधी शास्त्रात नाही," शेवटी ते म्हणाले. "असता तरी मी केला नसता."

"विधी नका करू. तुमी निसते येऊन बसा. लोकाईनं पाह्यलं म्हंजे झालं."

मला तिचा राग आला, खरं सांगते. दोन वर्षं या माणसानं उन्हातान्हात जे पुसून काढलं, तेच ती त्याच्याकडे मागायला आली होती, आणि वर चहाही पीत होती.

गुरुजींनी विचारलं, "चौदा वर्षं राहतेस. वास्तुशांत झाली का तुमची?"

"घर कुठं हाये जी ते आमचं."

"स्वयंपाक करतेस ना तिथं?"

"करतो ना."

"मग वास्तुशांत राहिली आहे," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी पंचांग उघडलं.

वास्तुशांत यथासांग झाली. काही गाळलं नाही, काही घुसडलं नाही. इंदूबाई आणि तिचा नवरा पाटावर बसले, नवऱ्यानं कारखान्यातून सुटी घेतली होती. संकल्पात गुरुजींनी त्याचं नाव घरधनी म्हणून घेतलं, तेव्हा तो दचकून मागे बघू लागला, मालक आला की काय म्हणून. दाराला चौकट नसल्यामुळे तोरण कुठं बांधायचं यावर थोडी चर्चा झाली आणि ते भिंतीतून निघालेल्या तारेला बांधलं. हवनाच्या धुरानं शेळ्या बाहेर पळाल्या. हायवेवरचे ढाबेवाले, टायरवाला, टपरीवाला, कारखान्यातले दहा-वीस जण जेवायला होते. त्यांच्यात गुरुजींना न ओळखणारा कोणी नव्हता. मसालेभात वाढेपर्यंत बातमी कारखान्याच्या गेटवर पोचली होती. मी कॅमेरा काढला तर गुरुजी म्हणाले, "आज कुठूनही काढ." मी पश्चिमेकडून काढला. गुरुजींच्या कामाचा तेवढा एकच चांगला फोटो माझ्याकडे आहे.

पंधरा दिवसांनी गुरुजींच्या घरी नव्या मालकाचा सुपरवायझर आला. मीही तिथंच होते, अल्बमची दुसरी प्रत द्यायला आले होते. माणूस सभ्य होता, बूट बाहेर काढून आला. म्हणाला, मजूर कामावर यायला तयार नाहीत, ठेकेदारही टाळाटाळ करून राहिला आहे. "आमचे साहेब हे असलं मानत नाहीत गुरुजी. पण घरच्या लोकांनी घोर लावून घेतला आहे. साहेबांनी मला सांगितलं, थेट गुरुजींनाच विचारून ये. तुम्ही एकदा म्हणून द्या की हे खोटं आहे. मी उद्या काम सुरू करतो. भूमिपूजनही पुन्हा तुमच्याच हातून करू, लोकांचं तोंड बंद होईल."

दोन वर्षं गुरुजी ज्या प्रश्नाची वाट बघत होते तो हा प्रश्न. दारात चालून आला होता, आणि विचारणारा ऐकायला तयार होता. दोन्ही अल्बम त्यांच्या मांडीवर होते. मी मनात म्हटलं, उघडा गुरुजी, पहिलंच पान उघडा.

गुरुजींनी अल्बमवर हात ठेवला. म्हणाले, "नांदगाव पेठेचं काम थांबलं. बाळापूर रोडचं थांबलं. वरूडचं थांबलं. तिन्ही ठिकाणी कुदळ माझी होती."

"म्हणजे लोक म्हणतात ते..."

"लोक म्हणतात ते तुम्ही ऐकलंच आहे. मी सांगतो ते घडलेलं आहे. डायरीत आहे, बघता का?"

सुपरवायझरनं डायरी बघितली नाही. तो उठला. आतून काकूंचा आवाज आला, "चहा घेऊन जा म्हणावं त्यांना. आता आपल्याकडे कोणी यायचं नाही." काकू दाराआडून सगळं ऐकत होत्या.

तो गेल्यावर मी गुरुजींवर जे तोंड सोडलं ते आठवून मला आजही लाज वाटत नाही. "माझी दोन वर्षं गेली यात," मी म्हटलं. "कारणं शोधता शोधता बूट फाटले तुमचे. एक शब्द बोलायचा होता, नाही म्हणायचं होतं फक्त."

"खोटं काही बोललो का मी?"

"खरं कुठं बोलले पण?"

त्यांनी विचार केला. "मीना," ते म्हणाले, "मला कळायचं होतं ते कळलं. माझा हात वाईट नाही. हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे, आत हिला माहीत आहे. इंदूबाईला राहायला जागा लागते." मग त्यांनी दोन्ही अल्बम माझ्या हातात दिले आणि घेऊन जा म्हणाले, घरात असले तर एखाद्या दिवशी कोणाला तरी दाखवावेसे वाटतील.

नागपूरवाल्यांनी पुढे बायपासवर दुसरी जागा बघितली. नांदगाव पेठेला काही काम सुरू झालं नाही. इंदूबाई तिथंच आहे, मुलगी तिथूनच कॉलेजात जाते. गुरुजींना मात्र त्यानंतर कोणी बोलावलं नाही. आधी अर्धं गाव म्हणत होतं, आता त्यांनी स्वतःच सांगितलं असं सगळं गाव म्हणू लागलं. सत्यनारायणालासुद्धा नाही. श्राद्धाला बोलवायचे, तिथं काही पुरं व्हायचं नसतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते साईनगरकडे, एका कापड दुकानदाराच्या घराच्या भूमिपूजनाला. मी ऑर्डरवर होते. मांडव घातला होता, पाट मांडले होते, नवे गुरुजी कलशात पाणी ओतत होते, आणि माझं लक्ष सहज रस्त्याच्या पलीकडे गेलं. चिंतामण गुरुजी भाजीची पिशवी घेऊन उभे होते. जाता जाता सवयीनं थांबले असणार. आमचा ईशान्य कोपरा नीट धरला आहे की नाही, तेवढं बघत होते.

यजमानांच्या भावानंही त्यांना पाहिलं. तो रस्ता ओलांडून गेला आणि हात जोडून काहीतरी बोलला. अगदी नम्रपणे बोलला. गुरुजींनी मान हलवली. त्यांना पुढं जायचं तर आमच्याच प्लॉटसमोरून जावं लागणार होतं, आणि मुहूर्ताला दोन-तीन मिनिटं उरली होती. ते गेले नाहीत. त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि समोरच्या कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मला तिथल्या तिथं ओरडून सांगावंसं वाटलं. दोन्ही अल्बम स्टुडिओच्या कपाटात होते, दहा मिनिटांत आणता आले असते. त्यांच्या हाताबद्दलची कुजबुज थांबली असती, ते लोक खजील झाले असते, कदाचित गुरुजींना आत बोलावून पाटावर बसवलं असतं. आणि दोन दिवसांत ती गोष्ट हायवेनं नांदगाव पेठेला पोचली असती.

"ताई, तयार ना?" यजमानांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. कुदळ पडली, टाळ्या झाल्या, नारळ फुटला. तो आवाज ऐकल्यावर गुरुजी वळले आणि आमच्याकडे न बघता चालू लागले.